शनिवारची पट्टी

रिबेका सॉलोमन वावंजेकर. हे नाव सुरुवातीलाच पूर्ण लिहून टाकतो, कारण आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो यांचा, आणि पुढे लिहिता लिहिता मी स्वतःबद्दलच फार बोलत बसेन अशी मला शंका आहे. पनवेलमध्ये सगळे त्यांना रिबेकाबाई म्हणत. मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात त्या तीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर पनवेलच्या आपल्या जुन्या घरी राहायला आल्या आणि तळ्याजवळच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळच्या वेळी इंजेक्शनं देण्याचं आणि ड्रेसिंगचं काम बघू लागल्या. उंच, हाडापेराने मजबूत, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चष्मा नेहमी कपाळावर. त्यांच्या ज्यू समाजाची पनवेलमध्ये थोडीच घरं उरली होती, बाकीची इस्राएलला गेली होती. त्यांचा मुलगाही तिकडेच होता. बाईंचं मराठी मात्र असं होतं की आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनीही ऐकत बसावं. रागावल्या की ते आणखी चांगलं व्हायचं.

मी जन्मलो तेव्हा माझा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. ओठ मी तान्हा असताना शिवला, टाळू पुढच्या वर्षी. त्या दोन्ही वेळचं मला काही आठवत नाही, आईला सगळं आठवायचं. ग्रहणाची गोष्ट मी इथे लिहिणार नाही. ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि आईने ती जन्माला पुरेल इतक्या वेळा ऐकली होती. नाक मात्र तसंच राहिलं. डावी नाकपुडी पसरून गालाला टेकलेली, शेंडा तिकडेच ओढलेला आणि आतला पडदा इतका वाकडा की त्या बाजूने श्वास जवळजवळ जातच नसे. शाळेत मला ‘फेंद्या’ म्हणत. हजेरीत ‘मनोहर’ असं नाव पुकारलं की मागच्या बाकावरून कोणीतरी ‘अहाहा!’ म्हणायचं, आणि सरसुद्धा कधीकधी वहीत तोंड घालून हसायचे. त्यांचं मला फारसं वाईट वाटत नसे, कारण हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केलेला असे.

आवाजाची गोष्ट वेगळी होती. टाळू शिवली तरी ती आखूड राहिली, त्यामुळे बोलताना हवा नाकातून निसटायची. म आणि न मला स्वच्छ येत. प म्हणायला गेलं की म व्हायचा, क आणि स तर हवेतच विरायचे. आम्ही राहायचो सुकापूरला. त्या एका नावात माझी तीनही वैरी अक्षरं होती. म्हणून पनवेल स्टँडवर एसटीत बसलो की मी ‘नेरे’ एवढंच म्हणायचो. नेरे हे आमच्या पुढचं गाव. तिकीट नेऱ्याचं काढायचं आणि सुकापूरला उतरायचं. त्या मार्गावर घरतमामा नावाचे कंडक्टर होते. एकदा त्यांनी भरल्या गाडीत विचारलं, “काय रं पोरा, तुजा नेरे रोज सुकापूरलाच कसा येतंय?” गाडी हसली. ते चेष्टेने बोलले होते, मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी पुढचे आठ दिवस चालत घरी गेलो.

आमच्या दोन खोल्या होत्या. चारी बाजूंना शेतांच्या जागी बिल्डिंगी चढत होत्या आणि सिमेंट कालवायच्या मशीनची घरघर सकाळपासून चालू असायची. त्या घरघरीत आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मिसळलेला असे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं नाहीतर सुकट, आणि माझ्यासाठी घट्ट केलेलं कालवण. घट्ट अशासाठी, की माझ्या हिरडीच्या वर एक बारीक भोक राहिलं होतं आणि पातळ पदार्थ खाताना त्यातून नाकात यायचा. हे बाहेरच्या कोणाला माहीत नव्हतं. मी बाहेर खातच नसे. थंडीत मुलं शेतात मडकं लावून पोपटी करायची, वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला. मला बोलवायची, मी जायचो, मडक्यासाठी काटक्या गोळा करायचो, आणि मडकं उघडलं की माझं पोट दुखायला लागायचं. दर वर्षी. बाबा तळोज्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. ते शिफ्टवरून आले की शेजारची पोरं नाक मुरडायची, कपड्यांना वास येतो म्हणायची. मला तो वास कधी आला नव्हता.

माझा खिशातला रुमाल मी इतका वापरला की आई दर महिन्याला नवा शिवायची. हसताना रुमाल, बोलताना रुमाल, बसमध्ये खिडकीशी बसलो तरी रुमाल. कॉलेजात गेल्यावर हे वाढलं. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा मला कुत्रा चावला. चावला पोटरीला, पण माझं आयुष्य बदललं ते त्यामुळेच. पाच इंजेक्शनं होती आणि पाचही रिबेकाबाईंच्या हातून. पहिल्या दोन वेळा त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी सुई हातात धरून त्या थांबल्या.

“शर्टाची बाही वर कर.”

मी एका हाताने प्रयत्न करू लागलो. दुसऱ्या हातात तोंडावरचा रुमाल होता.

“मला दंडाला टोचायचंय,” त्या म्हणाल्या, “तोंडाला नाही. रुमाल ठेव खाली.”

मी ठेवला. त्यांनी टोचलं, कापूस दाबला आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं. लोक माझ्याकडे एक तर बघायचे नाहीत किंवा चोरून बघायचे. असं सरळ, सामान तपासल्यासारखं कोणी बघितलं नव्हतं.

“ओठ केला, टाळू केली. नाक कोणी करायचं होतं?”

“झालं ना सगळं,” माझ्याबरोबर आलेली आई म्हणाली. “तवाच म्हनाले डॉक्टर, झालं.”

“तेव्हापुरतं झालं. नाकाचं काम वाढ पुरी झाल्यावर करतात. याची झाली की आता. मिशी बघा.” आणि त्यांनी आपल्या जुन्या इस्पितळातल्या डॉक्टरांच्या नावाने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली.

त्या चिठ्ठीपासून माझी भीती सुरू झाली. वाचणाऱ्याला वाटेल, मुलगा आनंदला असेल. आनंदलोही होतो, पण एक दिवसभरच. मग वाटू लागलं, आजवर मला जे जे मिळालं नाही ते नाकामुळे नाही मिळालं, असं धरून मी चाललो होतो. मित्र नाहीत, नाकामुळे. वर्गात उत्तर येत असून हात वर केला नाही, नाकामुळे. नाक सरळ झालं आणि तरीही यातलं काहीच बदललं नाही, तर? हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला लागणारे शब्दही नव्हते. जेवताना घास फिरायचा, एवढंच आईला दिसलं. तिची भीती निराळी होती. ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “बरा होशील रं. पन मला ओलखू येशील ना?”

बाबांची भीती मात्र सगळ्यांत मोठी निघाली, आणि ती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. मुंबईला तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, आणि डॉक्टर जाता जाता म्हणाले, “गॅस देऊन झोपवणार, त्याला काही कळणार नाही.” दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून बाबा तसेच, घरी न येता, मला घेऊन रिबेकाबाईंच्या दवाखान्यात गेले.

“बाई, आमाला नाय करायचं.”

“का?”

“ग्यास देनार म्हंतात.”

“मग? गॅसशिवाय नाक कापून घेणार आहात?”

“आमच्या प्लांटला येक पोरगा ग्यासनं पडला होता. मीच खांद्यावर घेऊन भायेर आलो. त्येला पन काय कलला नाय. डोले उघडे होते.” बाबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “झोपल्यासारखा दिसत होता, बाई.”

रिबेकाबाई रागावतील असं मला वाटलं. त्या स्टुलावर बसल्या, म्हणाल्या, “तो गॅस वेगळा.”

“ग्यास तो ग्यास.”

मग त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आमच्याबरोबर मुंबईला आल्या आणि बाबांना भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. “हे तळोज्याला प्लांट चालवतात,” बाईंनी सांगितलं. “यांना काय विचारायचंय ते विचारू द्या.” बाबांनी टोपी हातात घेतली आणि विचारलं, “ग्यासचा व्हॉल कोनाच्या हातात असतो?”

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांची घाई गेली. “माझ्या.”

“तुमी उठून जाता का मदी? च्या प्यायला?”

“नाही.”

“शिफ्ट बदलली तर?”

“बदलत नाही. ज्याने झोपवलं तोच उठवतो.”

बाबांनी टोपी डोक्यावर घातली. “मंग चालंल,” ते म्हणाले, आणि फॉर्मवर सही केली. मला आजही वाटतं, त्या फॉर्मवरच्या दोन पानांच्या मजकुरात एवढं नेमकं काही लिहिलेलं नव्हतं.

ऑपरेशनच्या टेबलावर मला आकडे उलटे मोजायला सांगितलं. दहा, नऊ, आणि आठशी आल्यावर मी थबकलो, कारण ठ नीट यायचा नाही आणि एवढ्या हिरव्या कपड्यांतल्या लोकांपुढे तो चुकवायची मला लाज वाटली. मरणाची भीती त्या वेळी मनात नव्हती. ठ ची होती. त्यातच झोप लागली. कानामागची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून नाकात आधार दिला, पडदा सरळ केला, नाकपुडी सोडवून वर आणली, हे सगळं मला नंतर कळलं. शुद्धीवर आलो तेव्हा भूल देणारे डॉक्टर शेजारी उभे होते आणि दाराशी उभ्या असलेल्या बाबांना म्हणत होते, “उठवला बघा.”

नाकावर प्लास्टरची एक कडक टोपी होती, बोटाएवढी, आणि तिच्यावरून दोन्ही गालांपर्यंत चिकटपट्ट्या. दहा दिवस ती ठेवायची होती. घरी आलो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही नोट्स आणायला म्हणून पनवेलला गेलो. एसटीत घरतमामा तिकीट फाडायचे थांबले. “आरं! काय झालं रं? पडलास काय?”

हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. जन्मतः असलेल्या गोष्टीबद्दल कोणी ‘काय झालं’ विचारत नाही. मी मान डोलावली.

“गाडीवरून?”

मी पुन्हा मान डोलावली. मग “तिकीट नेऱ्याचं” म्हणालो, आणि शेजारच्या बाई म्हणाल्या, “बोलू नको रे बाळा, नाक बंद आहे ना, त्रास होतो.” माझा तोच आवाज, रोजचाच. पण नाकावर पट्टी होती म्हणून तो आवाज दुखापतीचा झाला. कोणी हसलं नाही. मला उठून जागा दिली. कॉलेजात तीन मुलं जवळ आली, ज्यांनी दोन वर्षांत माझ्याशी शब्द बोलला नव्हता. कुठे पडलास, हेल्मेट होतं का, गाडी कोणाची. मी त्यांना एक वळण सांगितलं, वाळू सांगितली, ब्रेक सांगितला. मला गाडी चालवता येत नव्हती. ते दहा दिवस मी कोणीतरी साधा मुलगा होतो ज्याला अपघात झाला आहे. रुमाल घरी विसरून गेलो तरी चालत होतं.

दहाव्या दिवशी एकट्यानेच मुंबईला जाऊन टोपी काढून घेतली. आरसा पुढे केला. नाक सुजलेलं, लालसर, उभं. डॉक्टर खूश होते, सूज उतरायला वर्ष लागेल म्हणाले. मी “थँक्यू” म्हणालो आणि आवाज ऐकून गारठलो, कारण तो तसाच होता. तो तसाच राहणार हे मला आधी समजावून सांगितलेलं होतं, पण समजलं तेव्हा. नर्सने टोपी ट्रेमध्ये टाकली होती. मी विचारलं, “ही मी घेऊ?” तिला वाटलं आठवण म्हणून हवी. तिने पुसून कागदात गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती परत लावली. औषधाच्या दुकानातून कागदी चिकटपट्टी आणली आणि संडासात कडी लावून, हाताला आठवेल तशी, गालांपर्यंत चिकटवली. घरी सांगितलं, सूज उतरेपर्यंत परत लावायला डॉक्टरांनीच ती बरोबर दिली आहे. दवाखान्यात रिबेकाबाईंना निरोप दिला की ड्रेसिंग मुंबईलाच करून घेतो. असे दोन महिने गेले. मुलं विचारायची, “अजून?” मी म्हणायचो, हाड नीट जुळलं नाही. एक खोटं टिकवायला रोज सकाळी अर्धा तास लागायचा. आणि रोज भीती, की आज पट्टी सुटेल, आज घामाने निघेल, आज कोणीतरी बाबांना विचारेल, पोरगा कुठल्या गाडीवरून पडला. बाबांनी कंपनीत सगळ्यांना अभिमानाने ऑपरेशनचं सांगितलं होतं. माझ्या दोन गोष्टी एकाच रस्त्यावरून जात होत्या आणि त्या एकमेकींना भेटणार हे मला दिसत होतं.

मधे एक दिवस असा आला की बाबा शिफ्टवरून येऊन माझ्याजवळ बसले आणि मला एक आंबूस, घशाला झोंबणारा वास आला. मी इकडेतिकडे पाहिलं. “बाबा, हा वास तुमच्या कपड्यांचा?” ते एकदम उठून दूर बसले. “तुला येतंय?” म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे लाजायचं नाही. नव्या नाकाने मला आलेला तो पहिला वास. आई हसत हसत बाहेर गेली आणि शेजारणीला सांगू लागली, “पोराला वास येतंय!” मला त्यांच्यापुढे पट्टी लावून बसल्याची फार शरम वाटली. पण काढली नाही.

दुसरा वास आला तो माझ्या स्वतःचा. एका सकाळी टोपी उचलली तर कडेने पिवळं पाणी आणि कुजल्यासारखी घाण. कातडी पांढरी पडून सोलली होती. डॉक्टरांचे शब्द आठवले, आत बसवलेल्या कूर्चेला संसर्ग झाला तर ती काढून टाकावी लागते, सगळं वाया. मी घाईघाईने टोपी तशीच परत चिकटवली आणि पळत सुटलो. दवाखान्यात बाई नव्हत्या. त्यांच्या घरी गेलो. वार कोणता, ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

त्या प्रार्थना करून नुकत्याच आल्या होत्या आणि खुर्चीत नुसत्या बसल्या होत्या. मला पाहून चष्मा खाली आला.

“किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“दहा दिवसांची पट्टी दोन महिने.” त्यांनी वाकून जवळून पाहिलं, हात मात्र मागे ठेवले. “ताप?”

“नाही.”

“का लावून ठेवलीस?”

मी सांगितलं. सगळं, वळण आणि वाळूसकट. त्या ऐकत राहिल्या. “गाडी येत नाही तर सायकलवरून पडायचं,” एवढंच म्हणाल्या. मग मी तोंड पुढे केलं, त्यांनी काढावी म्हणून.

“आज शनिवार, आमचा विश्रांतीचा वार,” त्या म्हणाल्या. “आज मी काम करत नाही. जिवावरचं असतं तर केलं असतं, हे जिवावरचं नाही. वरवरचं आहे. तूच काढ.”

“मला भीती वाटते.”

“दुखेल म्हणून?”

“नाही.” मी टोपीवर हात ठेवला. “ही काढल्यावरही लोक हसले तर मी काय सांगायचं?”

“काही नाही सांगायचं,” रिबेकाबाई म्हणाल्या. “हसतील काही जण. त्याच्यावर माझ्याकडे मलम नाही. तांब्यात कालचं उकळलेलं पाणी आहे, डब्यात कापूस आहे. आरशासमोर उभा राहा. आधी हात धू.”

मी हात धुतले. आरसा भिंतीवर उंच होता, त्यांच्या उंचीचा. कापूस भिजवला. “ओढू नकोस, भिजू दे,” त्या खुर्चीतून म्हणाल्या. “कडेपासून. नाही, खालून वर. घाबरलास तरी हात हलवू नकोस.” टोपी एका बाजूने सुटली, तिच्याबरोबर थोडी कातडी, थोडं रक्त. मग दुसरी बाजू. जखम कुठे आहे ते बघायचं म्हणून मला बघावंच लागलं. शेंड्यावर आणि डाव्या कडेला लाल ओल होती. तिच्या खाली नाक होतं. ते चांगलं आहे की वाईट, हे मला कळलं नाही. एवढंच कळलं की हा चेहरा बघायची मला सवय नाही. कोणा दूरच्या नातेवाइकाच्या घरी गेल्यासारखा मी त्याच्याकडे बघत राहिलो.

“आतून काही झालेलं नाही,” बाई जवळ येऊन बघत म्हणाल्या. “सोमवारी मुंबईला जाऊन दाखव आणि बोलणी खा. आता दुकानात जाऊन म्युपिरोसिन मलम आण.”

मी कागद आणि पेन शोधू लागलो. त्यांनी मान हलवली. “लिहिणं हेही काम. तोंडाने सांग.”

“मी लिहून घेतो.”

“माझ्या घरात आज नको.”

म्हणून मी तसाच, उघड्या तोंडाने, पनवेलच्या बाजारात दुपारच्या उन्हात उतरलो. रुमाल नव्हता. नाव घोकत चाललो होतो आणि घोकतानाच ते मोडत होतं. दुकानात चारपाच माणसं उभी. मी म्हणालो. दुकानदार म्हणाला, “काय?” मी परत म्हणालो. “मुमिरो? काय पाहिजे, नीट बोला.” मागे एक पोरगी हसली, तिच्या आईने तिला चापट मारली, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. माझा हात तोंडाकडे निघाला होता. तिसऱ्यांदा मी एकेक अक्षर सुटं सुटं म्हणालो. दुकानदाराने फळीकडे बोट केलं, “हे?” आणि ट्यूब काढून दिली. एवढंच झालं. मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला पुढे कधीतरी सांगितलं, की बाईंनी इस्पितळात तीस वर्षं शनिवारी ड्युटी केली होती, वॉर्डाच्या वह्या लिहिल्या होत्या, आणि पनवेललाही शनिवारी कोणी जळलेलं, कापलेलं दारात आलं तर त्या आधी हात लावायच्या, मग देवाचं बघायच्या. मी त्यांना याबद्दल कधीच विचारलं नाही.

सोमवारी मुंबईला बोलणी खाल्ली. नाक वाचलं, डाव्या कडेला एक फिकट डाग राहिला आहे. मंगळवारी एसटीत घरतमामांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “पट्टी काडली? बरा दिसतंस.” मी तिकीट मागितलं. ते म्हणाले, “मंग अजून तसाच का बोलतंस रं?” संपूर्ण दोन महिने मी ज्या प्रश्नाला घाबरलो होतो तो हाच. “मी असाच बोलतो,” मी म्हणालो. “बरं,” ते म्हणाले, आणि पुढच्या सीटकडे गेले.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. आज माझी मुलगी फोनवर फोटो काढते तेव्हाही हात वर जातो आणि ती ओरडते, “बाबा, हात!” मी हात खाली घेतो. घरात पहिला पदवीधर मी झालो त्याच वर्षी रिबेकाबाई मुलाकडे इस्राएलला गेल्या. जाताना त्यांनी मला पत्ता दिला, आणि म्हणाल्या, “मराठीत लिही, वाचायला मिळत नाही तिथे.” मी लिहिलेलं पहिलं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. त्या वारल्यानंतर त्यांच्या मुलाने ते मला परत पाठवलं. ते जसंच्या तसं इथे उतरवतो.

*

ती. रिबेकाबाई यांना मनोहरचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. इकडे आई-बाबा खुशाल आहेत. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्गात पास झालो. बाबांनी कंपनीच्या गेटवर पेढे वाटले.

गेल्या महिन्यात वाशीला एका ऑफिसात मुलाखतीला गेलो होतो. समोर तिघे जण होते. मला प्रत्येक उत्तर दोनदा, एक उत्तर तीनदा सांगावं लागलं. मी सांगितलं. एका साहेबांना मधे हसू आलं, त्यांनी खोकल्यासारखं केलं. मी थांबलो आणि त्यांचा खोकला झाल्यावर पुढचं बोललो. काल पत्र आलं, निवड झाली नाही.

पूर्वी मला कारण लगेच सापडलं असतं. काल मी शोधत बसलो आणि सापडेना. आवाजामुळे असेल. घसाऱ्यावरचा एक प्रश्न मला आला नाही, त्यामुळेही असेल. बाहेर बसलेला एक मुलगा मला फार हुशार वाटला होता, त्याला घेतलं असेल. तो माझ्यापेक्षा चांगला असू शकतो, हे मी कोणाच्याही बाबतीत आजवर मनात आणलंच नव्हतं. विचित्र वाटलं, पण रात्री नीट जेवलो.

येत्या बुधवारी ठाण्याला दुसरी मुलाखत आहे. भीती वाटते. जाणार आहे.

तुमचा नम्र,
मनोहर